जुनी स्पोर्ट्स कार, चार हजार किमी आणि हातात सहा आठवडे: आधी कशाला हात घालायचा?

वळणवेडा
नमस्कार मंडळी. नमनाला घडाभर तेल घालत नाही, ते इंजिनात लागणार आहे.

गाडी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, १९९१ची, १६०० सीसी, पाच गिअर. मीटरवर १,३८,००० किमी. गेली काही वर्षं चालली कमी, उभी जास्त. चालू होते, पळते, थांबते. टायमिंग कव्हरवरचं स्टिकर सांगतं की टायमिंग बेल्ट (इंजिनातल्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा रबरी पट्टा) २०११ साली ९१,००० किमीला बदलला. म्हणजे किमीच्या हिशेबात निम्मंच आयुष्य झालंय.

बेत असा: दोन माणसं, बारा दिवस, साधारण ४,००० किमी. निम्मा हायवे, निम्मे घाट. निघायला सहा आठवडे आहेत आणि काम फक्त शनिवार-रविवारी. कामं काय काय असतात ते ढोबळ माहीत आहे, क्रम ठरत नाहीये. आणि एक मूळ शंका: चालत्या गाडीत किती हात घालावा?

ग्रीसगन
"किमीच्या हिशेबात निम्मं आयुष्य" हे आधी खोडा. कंपनीचं अंतर ९६,००० किमीच्या आसपास आहे खरं, पण ते रोज धावणाऱ्या गाडीसाठी. रबराला किमी कळत नाहीत, वर्षं कळतात. २०११चा पट्टा म्हणजे काम क्रमांक एक.

तुमचं नशीब एवढंच की या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. पट्टा तुटला तर गाडी जागच्या जागी बंद पडेल, इंजिन फुटणार नाही. पोर्शे ९४४वाल्यांना ही चैन नाही. तिथे पट्टा तुटला की व्हॉल्व्ह वाकलेच.

एवढं उघडताय तर नुसता पट्टा बदलून झाकण लावू नका. टेन्शनर, आयडलर, टेन्शनरची स्प्रिंग, दोन कॅम सील, क्रँकचं पुढचं सील आणि वॉटर पंप, सगळं एकाच बैठकीत. पंप फिरतो बाहेरच्या पट्ट्यावर, पण काढायला टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो. नवा पट्टा टाकून जुना पंप ठेवला आणि तो महिनाभरात गळायला लागला, तर तीच सगळी मजुरी पुन्हा.

बसवल्यावर कॅम पुलींवरच्या आय आणि ई या खुणांमध्ये पट्ट्याचे १९ दात मोजा. मग २१च्या सॉकेटने क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि पुन्हा मोजा. १८ किंवा २० आले तर परत उतरवा. "चालेल" म्हणू नका. चालते, पण लंगडत.

टिकटिक
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. जैसे_थे साहेब येतीलच इतक्यात.

जैसे_थे
आलो.

टायमिंग बेल्टबद्दल वाद नाही. पण आता इथे प्रत्येक जण आपापला लाडका पार्ट बदलायला सांगेल आणि सहाव्या आठवड्यात धागाकर्त्यांची गाडी अर्धी उघडी असेल. तीस वर्षं टिकलेला मूळ पार्ट आणि कालच खोक्यातून निघालेला नवा पार्ट यांत नवा भरवशाचा असतोच असं नाही. आजकालचे स्वस्त रिले, थर्मोस्टॅट, इग्निशन वायरी आणि खास करून बॉल जॉइंटची रबरी टोपणं वर्षभरात तडकतात. शिवाय जिथे जिथे पाना लागतो तिथे तिथे नवी चूक करायची संधी असते: क्लिप अर्धवट बसते, कनेक्टर टिक न वाजता तसाच राहतो, बोल्टचे आटे जातात.

म्हणून माझा नियम सोपा. ज्याचं दुखणं दिसतंय, ऐकू येतंय किंवा मोजता येतंय, तेवढंच बदला. अपवाद दोन: टायमिंग बेल्ट आणि टायर.

शून्य_प्ले
दोन्ही बाजू पटतात, पण दोन्हींच्या आधी एक पायरी आहे: मोजणी. पहिला शनिवार-रविवार काहीही न बदलता फक्त मोजण्यात घालवा आणि वहीत लिहा.

१. बॅटरी रात्रभर सोडून सकाळी व्होल्टेज बघा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. स्टार्टर फिरताना ९.६च्या खाली जाऊ नये.
२. मल्टिमीटरची एक काडी बॅटरीच्या ऋण टोकाच्या शिशावर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर ठेवा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची वायर किंवा तिचा बोल्ट खराब. या गाडीत बॅटरी डिकीत असल्यामुळे वाट लांब आहे, म्हणून ही चाचणी टाळू नका.
३. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू: १३.५च्या खाली नको, १४.७च्या वर नको.
४. गाडी बंद करून, दारं लावून, पंधरा-वीस मिनिटांनी किती मिलिअँपिअर जातात ते बघा. ५०च्या वर गेलं तर काहीतरी बॅटरी चाटतंय.
५. कूलिंग सिस्टिमला हातपंपाने दाब द्या, रेडिएटरच्या टोपीवर छापलाय तेवढाच. दहा मिनिटांत काटा उतरला तर गळती आहे, ओल दिसो न दिसो.
६. चारही चाकं उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. वर-खाली खडखडलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. फक्त डावी-उजवीकडे खडखडलं तर टाय रॉड.

ही यादी झाल्याशिवाय एकही पार्ट मागवू नका. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

ग्रीसगन
मोजणीला पूर्ण पाठिंबा. फक्त जैसे_थे यांच्या "दिसतं तेवढंच बदला" यात एक भोक आहे: होज पाइप. बाहेरून काळाभोर, गुळगुळीत, आतून पापुद्रे सुटलेले. मल्टिमीटरला ते कळत नाही. थंड गाडीत क्लिपच्या अगदी जवळ चिमटीत दाबून बघा. मधल्या भागात दाबून उपयोग नाही. पाइप क्लिपपाशी आधी मरतो. कुरकुर आवाज आला किंवा दाबलेला खळगा हळूहळू भरला तर तो गेलाय.

या गाडीत सगळ्यात वाईट पाइप दिसतच नाहीत. इंजिनाच्या मागे, फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याला) चिकटून हीटरचे आहेत. त्यांच्या वर, हेडच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर बसतो. त्याच्या ओ-रिंगचा दगड झाला की तेल थेंबथेंब खाली पाइपवर पडतं आणि रबर फुगून मऊ होतं. म्हणजे दोष एका छोट्याशा रिंगचा आणि कूलंट रिकामं होतं तिसरीकडूनच. ओ-रिंग बदलताना सेन्सर आणि हेड दोन्हींवर मिळून एक रेघ मारून ठेवा, कारण सेन्सर फिरला की टायमिंग फिरलं. नंतर बॉनेटखालच्या डायग्नोस्टिक डबीत टीईएन आणि जीएनडी ही टोकं वायरने जोडून टायमिंग लाइटने तपासा: आयडल ८५०च्या आसपास, ठिणगी पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या १० अंश आधी.

जैसे_थे
हीटरचे पाइप मान्य. हळूहळू तुम्ही मला पूर्ण गाडीच मान्य करायला लावणार असं दिसतंय.

उकळी
कूलिंगवर सविस्तर लिहितो, कारण लांब पल्ल्यात जुनी गाडी बहुतेक इथेच मान टाकते.

रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिक टाकीचा रंग बघा. नवी काळी असते. तपकिरी किंवा शेवाळी झाली असेल तर प्लास्टिक ठिसूळ झालंय. ते गळत नाही, चढावर एकदम फाटतं. या रंगाला चाचणी वगैरे काही लागत नाही, बदलायचा. (जैसे_थे, हे "दिसणारं" दुखणं आहे, आक्षेप नको.)

डॅशबोर्डावरच्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. तो मुद्दाम असा बनवलाय की बऱ्याच मोठ्या पट्ट्यात मधोमधच उभा राहतो. तो हलला याचा अर्थ पाणी गरम व्हायला लागलंय असा नाही, गरम होऊन झालंय असा. उलट ऑइल प्रेशरचा काटा १९९४पर्यंतच्या गाड्यांत खरा आहे, धागाकर्त्यांचाही. १९९५पासून तिथे नुसता चालू-बंद सेन्सर आला. त्यामुळे गरम इंजिनात आयडलला काटा किती खाली येतो ते आताच पाहून लक्षात ठेवा. घाटात तुलना करता येईल.

पंखा तपासायला इंजिन तापवायची गरज नाही. त्याच डायग्नोस्टिक डबीत टीएफए आणि जीएनडी जोडा, चावी ऑन करा. पंखा फिरला तर मोटर, रिले आणि वायरिंग ठीक. मग उरला फक्त थर्मो स्विच.

कूलंट भरताना एक चूक सगळे करतात. एकूण मावतं ६ लिटर. धुऊन काढलं तरी ब्लॉक आणि हीटरमध्ये लिटर-दीड लिटर साधं पाणी राहतंच. त्यावर आधीच अर्धं-अर्धं केलेलं मिश्रण ओतलं तर आत प्रमाण पडतं पातळ. म्हणून आधी ३ लिटर निव्वळ कूलंट ओता आणि वरची जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. नळाचं पाणी नको, हेड अॅल्युमिनियमचं आहे.

हवा काढायला पुढची चाकं रॅम्पवर, हीटर पूर्ण गरमवर, टोपी उघडी. इंजिन चालू ठेवून वरचा-खालचा पाइप आळीपाळीने दाबत राहा. बुडबुडे येतात, पातळी खाली जाते, भरत राहा. खालचा पाइप गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. पंखा दोनदा लागून बंद झाला, हीटरमधून सलग गरम हवा आली की टोपी लावा. हीटर मध्येच थंड फुंकत असेल तर आत अजून हवा आहे. दुसऱ्या दिवशी गार इंजिनात पातळी पुन्हा बघा, पाव लिटरभर तरी मागेल.

वळणवेडा
टाकीचा रंग पाहिला. शेवाळी. छान चाललंय.

पानाबारा
ब्रेक आणि क्लच माझ्याकडे.

ब्रेक फ्लुइड दोन वर्षांहून जुना असेल तर डोळे मिटून बदला. डॉट-४चा किमान उत्कलनांक नवा असताना २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५ अंश. सपाटीवर फरक कळत नाही, घाट उतरताना पेडल अचानक मऊ होतं तेव्हा कळतो. आणि हो, नवा फ्लुइड भरून ब्रेकवर बसत उतरू नका. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा.

उभ्या राहिलेल्या गाडीत मागचे कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकतात. स्लाइड पिन काढा, जुनं ग्रीस पुसा, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस लावलं तर पिनेची रबरी टोपी फुगते आणि पिन आणखी घट्ट. तपासायची सोपी रीत: वीस किमी चालवा, शेवटी ब्रेक कमीत कमी वापरून थांबा आणि चारही रिमपाशी हात न्या. एकच रिम जास्त तापलेली असेल तर तिथलं कॅलिपर सोडत नाहीये.

हँडब्रेक ढिला वाटला म्हणून केबल ओढत बसू नका. मागच्या कॅलिपरच्या पाठीवर १४च्या पान्याचा एक बोल्ट दिसतो. तो बोल्ट नव्हेच, झाकण आहे. ते काढलं की आत ४ मिमीची अॅलन की बसते. घड्याळाच्या दिशेने फिरवत चाक लॉक होईपर्यंत न्या, मग एक तृतीयांश फेरा मागे. चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे, किंचित घासल्याचा आवाज चालेल. दुसरी बाजू तशीच. त्यानंतर लिव्हर पाच ते सात टिकांत धरतो. केबल मूळ लांबीवर असेल तर तिला हातही लागत नाही.

क्लच. गिअरबॉक्सच्या बाजूला स्लेव्ह सिलिंडर आहे, पेडलच्या दाबाने क्लच ढकलणारा. त्याची रबरी टोपी बोटाने जरा उचला. आत ओल दिसली तर सील गेलं. ते सांगून जात नाही, सकाळी ठीक असतं आणि दुपारी पेडल जमिनीला. स्लेव्ह नवा टाकलात तर मास्टरही (पेडलकडचा सिलिंडर) बदला. जुन्या मास्टरला नव्या स्लेव्हचा पूर्ण दाब झेपत नाही, थोड्याच दिवसांत तोही पाझरतो.

रबरबुवा
टायरवर कोणीच कसं बोललं नाही?

बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१२ म्हणजे २०१२चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांचा टायर लांब प्रवासाला न्यायचा नाही, आणि पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी बारीक बघायचा. या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, वाळतात. नक्षीच्या खाचेच्या तळाशी नख घालून पाहा. भेगा तिथे आधी येतात, बाजूवर नंतर.

माप १८५/६० आर १४, हवा थंड टायरमध्ये २६ पीएसआय. पेट्रोल पंपावर कोणी सवयीने ३२-३३ भरून दिली तर गाडी उड्या मारेल आणि ओल्या वळणावर मागचं टोक लवकर सोडेल. स्वतःचा गेज ठेवा.

नवे टायर निघण्याच्या आदल्या दिवशी नकोत. वरचा गुळगुळीत थर जायला दोन-तीनशे किमी लागतात. नट ८८ ते ११८ न्यूटन मीटर, हातानेच, आणि शंभरेक किमीनंतर पुन्हा तपासा. अलाइनमेंट बुश-बॉल जॉइंटचं काम झाल्यावर, आणि शक्यतो दोघांच्या वजनाइतकं वजन सीटवर ठेवून. हलक्या गाडीला दोन माणसं म्हणजे फार फरक.

डिकीतली बारीक स्टेपनीही तितकीच म्हातारी असते हे विसरू नका. तिला कोणी विचारतच नाही.

कार्ब्युरेटर_काका
तुम्हा फ्युएल इंजेक्शनवाल्यांचं बरं चाललंय. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवाल्यांसाठी थोडं अवांतर, कारण धागा "जुनी स्पोर्ट्स कार" असा आहे.

एसयू कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये (वरच्या तेलाच्या भांड्यात) एसएई २० तेल. ते आटलं की अॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी आधी दचकते, मग जाते. लोक जेट फिरवत बसतात, दुखणं तेलाचं असतं. इग्निशनच्या पॉइंटमधली फट ०.३५ ते ०.४० मिमी, व्हॉल्व्हची ०.३८ मिमी. पुढच्या किंगपिनांना (चाक ज्यावर वळतं त्या खुंट्यांना) निघण्याआधी ग्रीस, आणि ४,००० किमीच्या प्रवासात वाटेत एकदा तरी पुन्हा. एसयूचा विजेवरचा पेट्रोल पंप टिकटिक करायचा थांबला तर हलका टोला मारा, बहुधा चालू होतो. पण टोल्यावर चालणारा पंप म्हणजे संपलेला पंप. पंपातले पॉइंट साफ करा नाहीतर बदला.

१९६७पर्यंतच्या गाडीत धन टोक बॉडीला असतं. फोन चार्जर जोडायच्या आधी दहादा विचार करा.

नाकाडोळ्यासमोर
अवांतरात अवांतर: एअर-कूल्ड पोर्शे ९११ असेल तर तेल गार इंजिनात बघून वरून ओतू नका. गाडी सपाट जागी, इंजिन पूर्ण तापलेलं आणि आयडलवर चालू असतानाच तेल मोजायची काडी खरं बोलते. गार इंजिनात काडी कोरडी दिसते, माणूस लिटरभर ओततो आणि मग ते तेल एअर फिल्टरमध्ये निघतं. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट ०.१० मिमी, इंजिन पूर्ण गार असताना.

९४४वाल्यांनी डीएमई रिले (इंजिनाच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला वीज देणारा) जास्तीचा ठेवावा. आतल्या डाखाला केसाएवढी चीर जाते, गरम झाला की गाडी बंद, गार झाला की चालू.

टिकटिक
रच्याकने, "रच्याकने" ("रस्त्याच्या कडेने", म्हणजे बाय द वे) हा शब्द या धाग्यात पहिल्यांदाच आपल्या खऱ्या अर्थाने वापरायची पाळी येईल असं दिसतंय. धागाकर्त्यांनी त्रिकोण आणि टॉर्च सोबत ठेवावी. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या. पॉप-अप असेल तर आधी उचलून घ्या.)

वायरमन
दिवा उचलण्यावरून आठवलं. या गाडीचे हेडलाइट वर उचलणारी मोटर रस्त्यात रुसली तर आधी रिट्रॅक्टरचा फ्यूज काढा, मग मोटरच्या डोक्यावरचं रबरी झाकण काढून आतली मूठ हाताने फिरवा. दिवा वर येतो आणि वरच राहतो. फ्यूज आधी काढणं महत्त्वाचं, नाहीतर मोटर मध्येच जागी होऊन बोटं घेईल.

मेन रिलेचंही ९४४च्या रिलेसारखंच. लक्षणं: तापल्यावर मधूनच इंजिन क्षणभर मरतं, टॅकोमीटर पडतो, परत येतं. नवा रिले बसवून तो आताच महिनाभर चालवून पाहा आणि जुना चालू असेल तर तो सोबत घ्या. तपासलेला जुना पार्ट हा न तपासलेल्या नव्यापेक्षा बरा सोबती, इथे मी जैसे_थे यांच्या बाजूने.

बॅटरी साधी ओली टाकू नका. डिकीत बंद जागी आहे. एजीएम (आम्ल शोषून धरणारी, न सांडणारी) हवी आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही नळ्या जोडलेल्या हव्यात. नाहीतर आम्लाच्या वाफेने डिकीचा तळ आणि तुमच्या बॅगा दोन्ही खाल्ल्या जातील.

प्लगच्या वायरी: अंधारात, इंजिन चालू ठेवून पाण्याचा बारीक फवारा मारा. निळ्या ठिणग्या दिसल्या तर बदला. चढावर जोर दिल्यावर मिसिंग येतं ते बहुतेक यांच्यामुळे, आणि लोक इंजेक्टर साफ करत बसतात.

गाठोडे
सामानाचं बोला. डिकी १२४ लिटर, त्यातच बॅटरी आणि स्टेपनी. कडक सूटकेस विसरा. चार छोट्या मऊ पिशव्या आणा, कोपऱ्यांत कोंबता येतात. जड ते खाली आणि पुढे, सीटच्या पाठीकडे. सीटमागच्या टपाच्या खोबणीत काही कोंबू नका. तिथेच छताच्या पाण्याच्या निचऱ्याची तोंडं आहेत, ती बुजली की पाणी उंबऱ्याच्या पोकळीत जातं आणि पत्रा आतून गंजतो. निघण्याआधी ती लवचीक नायलॉनच्या दोरीने साफ करा. हवेचा जोरदार झोत नको, नळी सांध्यातून सुटू शकते. छत दुमडताना मागची प्लास्टिकची खिडकी आधी झिपने सोडा, आणि गारठ्यात दुमडूच नका, तडकते.

सोबतचे पार्ट: बाहेरचे दोन पट्टे, वरचा-खालचा रेडिएटर पाइप, मेन रिले, सगळ्या आकड्यांचे फ्यूज, एक जास्तीची प्लग वायर (सगळ्यात लांब सिलिंडरची, बाकी सगळीकडे पुरते), अर्धा लिटर ब्रेक फ्लुइड, एक लिटर तेल, दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर, होज क्लिपा, स्वतःला चिकटणारी सिलिकॉन पट्टी, तार. पाने १०, १२, १४, १७ आणि चाकासाठी २१. मल्टिमीटर. सगळं मिळून एक बुटाच्या खोक्यापेक्षा थोडं जास्त होतं.

टाकी ४५ लिटर. लिटरला ११-१२ धरली तरी ४०० किमीला पंप शोधा.

जैसे_थे
गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेल बदलायचं ठरलं असेल तर एकच विनंती: भरायचा बोल्ट आधी उघडा, काढायचा नंतर. आधी तेल सोडून दिलं आणि भरायचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथेच. गिअरबॉक्सला २ लिटर ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ असेल तर उत्तम. १६००च्या डिफरन्शियलला ०.६५ लिटर, १८००च्याला १ लिटर.

वळणवेडा
अपडेट. पहिला शनिवार-रविवार, शून्य_प्ले यांची यादी.

बॅटरी १२.५, क्रँकिंगला १०.१. इंजिन-बॅटरी अर्थिंग ०.६ व्होल्ट, म्हणजे नापास. चार्जिंग १४.२. गळता करंट ३० मिलिअँपिअर. कूलिंगचा दाब दहा मिनिटांत पाव उतरला, हीटरच्या मागच्या पाइपावर ओल आणि तेल दोन्ही. ग्रीसगन, तुम्ही बॉनेटखाली येऊन गेलात का? स्लेव्हच्या टोपीत ओल. टायर २०१४चे, नक्षी ६ मिमी. डावं मागचं रिम जास्त गरम. बेअरिंग, बॉल जॉइंट ठीक.

मूळ प्रश्न तसाच: आता क्रम?

ग्रीसगन
आधी एकच यादी करून सगळे पार्ट एकदम मागवा. उशीर पान्यामुळे होत नाही, एखाद्या न आलेल्या सीलमुळे होतो.

दुसरा आठवडा: रेडिएटर काढायचाच आहे, तर त्याच मोकळ्या जागेतून टायमिंग बेल्ट, पंप, सील. मग सेन्सरची ओ-रिंग, हीटरचे पाइप, थर्मोस्टॅट, नवा रेडिएटर, कूलंट. हे एकत्रच केलं तर कूलंट एकदाच सांडावं लागतं. तिसऱ्याला पुरवा, घाई नको.
चौथा: कॅलिपर, ब्रेक फ्लुइड, क्लचची जोडी, अर्थिंगची वायर. अर्थिंगचा बोल्ट जिथे बसतो तिथला रंग आणि गंज घासून चकचकीत पत्रा काढा. नवी वायर जुन्या गंजावर आवळली तर ०.६चे ०.५ होतील, बाकी काही नाही.
पाचवा: टायर, अलाइनमेंट, तेलं. यानंतर पाना खाली ठेवायचा.

शून्य_प्ले
आणि सहाव्यात फक्त चालवायचं. नवीन काम नाही, "जाता जाता एवढंच" नाही. ५०० किमी, तीन टप्प्यांत.

पहिले ५० किमी घराजवळ. परत येऊन गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा टाका, रात्रभर ठेवा. सकाळी डाग कुठे आणि कुठल्या रंगाचा ते बघा.
मग १५० किमी हायवे, सलग वेगात. पट्ट्यांचा ताण पुन्हा बघा, नवे पट्टे पहिल्यांदा सैलावतात. चाकाचे नट.
उरलेले ३०० घाटात, पूर्ण सामानासकट, दुसऱ्या माणसासकट. मोकळ्या गाडीत तपासलेले ब्रेक भरलेल्या गाडीत वेगळे असतात. तेलाची काडी आधी आणि नंतर बघून दर हजार किमीला किती पितेय ते काढा. लिटरभर तेलात पल्ला होतो की दोन लागतील ते इथेच कळतं.

जैसे_थे
सहाव्या आठवड्याला माझी बिनशर्त सही.

वळणवेडा
पार्ट मागवले. एकच शंका राहिली. पुढून टॉर्च मारून क्रँकची पुली पाहिली. चार खाचा आहेत.

ग्रीसगन
अरेरे. म्हणजे आखूड नाकाचा क्रँक, सुरुवातीच्या गाड्यांतला. यात पुली सैल होऊन पुढचं टोक झिजायची भीती असते. घाबरू नका, पण टायमिंग बेल्टच्या दिवशी पहिला अर्धा तास त्यालाच द्या.

बोल्ट काढायच्या आधी पुली दोन्ही हातांनी हलवून बघा. डुगडुगली तर थांबा आणि इथे फोटो टाका. बोल्ट काढल्यावर चावीची (पुली क्रँकवर फिरू न देणाऱ्या लोखंडी तुकड्याची) खाच बघा. कडा सरळ आणि धारदार हव्यात. पसरलेल्या असतील तर चावी आत हलत होती, आणि टायमिंग भटकत होतं. खाच चांगली असेल तर नवी चावी, नवा बोल्ट. जुना बोल्ट परत नको, इथे काटकसर नको. खाच, पुलीचं भोक, बोल्टची बसायची जागा कोरडी आणि साफ. १०८ ते ११८ न्यूटन मीटर, टॉर्क रेंचनेच. इम्पॅक्ट गनने नाही.

वळणवेडा
हलवून पाहिली. डुगडुगत नाही.

टिकटिक
फोटो तरीही टाका.